आभाळातील वाटा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात देशाच्या रेल्वेचे रूळ तयार होतात आणि गावाला लागूनच मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. रात्री त्या मार्गाशेजारी क्षणभर उभे राहिले, तर समोर सिग्नलचा तांबडा-हिरवा दिवा दिसतो आणि डोक्यावर, फार उंचावर, एखाद्या विमानाचा मिणमिणता दिवा संथपणे सरकताना दिसतो. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती नागपूर-भिलाईच्या आसपासूनच जाते. खालची वाट लोखंडाची आहे, ती डोळ्यांना दिसते. वरची वाट मात्र केवळ आकड्यांची आणि शब्दांची आहे. दोन विमाने तिच्यावर एकमेकांवर आदळत नाहीत, ते कशामुळे?

आगगाड्यांची टक्कर टाळण्याची युक्ती जुनी आहे. मार्गाचे तुकडे पाडावयाचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडावयाची. शंका आली, तर गाडी उभी करता येते. विमानाला ही सोय नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांतील अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. वैमानिकाच्या नजरेवर विसंबून तेथे भागत नाही.

हे ज्ञान माणसाला सुखासुखी झालेले नाही. ७ एप्रिल १९२२ रोजी लंडन-पॅरिस मार्गावर, फ्रान्समधील पिकार्डी भागात, दोन प्रवासी विमाने धुक्यात एकमेकांवर आदळली आणि सातजण मृत्युमुखी पडले. त्या वेळी संपूर्ण युरोपात विमाने ती किती असतील! तरीही एवढ्या विशाल आकाशात दोघांची गाठ पडली, कारण दोघांची वाट एकच होती. आकाश मोठे असते, वाट मात्र अरुंद असते, हा त्या अपघाताचा धडा होय.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक सुंदर रूप नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पाहावयास मिळे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात भेटत. थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत टपाल आपापल्या शहरी पोहोचे. चारी विमानांना एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी यावयाचे असे. रडार नसलेल्या त्या काळात विमानतळांची सर्वसाधारण रीत अशी असे, की प्रत्येक विमानाला वेगळी उंची नेमून द्यावयाची. खालचे विमान उतरले, की वरच्याने जिन्यावरून उतरावे तसे एक पायरी खाली यावयाचे. नियंत्रकापुढे कागदाच्या पट्ट्या, हातात पेन्सिल आणि कानाशी बिनतारी यंत्र, एवढ्यावर सारा कारभार चाले.

ही पायऱ्यांची कल्पनाच आजही विमानवाहतुकीचा कणा आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांच्या उंचीवरून जावे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांच्या, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून कलकत्त्याकडे निघालेले विमान ३३,००० किंवा ३५,००० फुटांवर असेल, तर मुंबईकडे येणारे ३४,००० किंवा ३६,००० वर. २९,००० फुटांच्या वर पूर्वी दोन पायऱ्यांत २,००० फुटांचे अंतर ठेवीत. उंची मोजणारी उपकरणे अधिक अचूक झाल्यावर, २००३ पासून, आपल्या आकाशात तेथेही ते १,००० फूट करण्यात आले. हजार फूट म्हणजे सुमारे तीनशे मीटर. शेकडो जीव आणि मृत्यू यांच्यामध्ये एवढीच भिंत, आणि तीही शब्दांची!

ती भिंत ढासळली म्हणजे काय होते, हे १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीने पाहिले. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ वर चढत होते. कझाकस्तानचे इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. पहिल्याला १४,००० फुटांची आज्ञा होती, दुसऱ्याला १५,००० ची. दोन्ही आज्ञा बिनचूक होत्या. कझाक विमानाकडून १५,००० फुटांवर आल्याचे उत्तरही मिळाले. समोरून येणाऱ्या बोइंगची आणि त्याच्या उंचीची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. परंतु इल्युशिन खाली येतच राहिले आणि जवळजवळ १४,००० फुटांवर दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य दोष कझाक वैमानिकांकडे गेला. त्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञानही नोंदले गेले. पण विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाचे ठिकाण दिसे, उंची दिसत नसे. उंचीबद्दल वैमानिकाचा शब्द हाच एकमेव पुरावा होता. येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गाने जात होती, आणि धोक्याचा इशारा देणारे यंत्र दोहोंपैकी एकाही विमानात नव्हते. सरकारी कामकाजात, आदेश निघाला म्हणजे काम झाले, असे समजण्याची एक सवय असते. आदेश निघणे आणि तो पाळला जाणे यांत किती अंतर असते, हे दादरीच्या शेतांत विखुरलेल्या अवशेषांनी दाखविले.

त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले. विमानाकडून त्याची उंची आपोआप कळवून घेणारे दुय्यम रडार आले. टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. हे यंत्र दुसऱ्या विमानातील यंत्राशी परस्पर बोलते, भेटीला किती सेकंद उरले ते मोजते आणि एकाला वर, दुसऱ्याला खाली जाण्यास सांगते. परंतु दोन साक्षीदारांचे म्हणणे जुळले नाही तर? १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनजवळ तेच घडले. यंत्र एका वैमानिकाला वर जा म्हणत होते, नियंत्रक खाली ये म्हणत होता. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राच्या सूचनेनुसार खालीच येत होते. ७१ जण मेले, आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. अशा क्षणी यंत्राचीच आज्ञा पाळावयाची, हे त्यानंतर जगभर निःसंदिग्धपणे ठरले.

हा सारा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा, तर माणसाच्या शब्दाला एकेक साक्षीदार जोडीत जाण्याचा हा इतिहास आहे. यात माणसावर अविश्वास नाही. उलट, ऐकण्यात चूक होते, थकवा येतो, परकी भाषा दगा देते, हे ओळखून माणसाला दिलेला तो आधार आहे. दुर्दैव एवढेच, की यांतील पुष्कळसे साक्षीदार अपघातानंतर आले.

भिलाईच्या रुळांवरून रात्रीची गाडी निघून जाते आणि सिग्नल पुन्हा तांबडा होतो. वर दोन दिवे परस्परविरुद्ध दिशांनी येतात, क्षणभर एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. त्या दोहोंमधील हजार फूट खालून दिसत नाहीत. ते मिळविण्यासाठी किती किंमत मोजावी लागली, तेवढे मात्र आपण विसरू नये.