भातसाकाठची आपली वस्ती

मुंबईच्या पाहुण्याला शहापूरचा पत्ता सांगायचा झाला की आपण म्हणतो, "आसनगावला उतरा." गावाच्या नावाचं स्टेशनच नाही! रेल्वे १८५५ साली वासिंदपर्यंत आली आणि १८६१ च्या जानेवारीत कसाऱ्याला पोहोचली; पण शहापूर गाव रुळांपासून दोन-तीन किलोमीटर बाजूलाच राहिलं. त्यामुळे रिक्षावाल्यांची सोय झाली आणि आपली रोजची धावपळ वाढली.

तसा हा मुलूख फार जुना. एकीकडे थळ घाट, दुसरीकडे मुरबाडच्या बाजूला नाणेघाट आणि माळशेज. घाटावर जाणाऱ्या वाटा इथूनच. सापगावचा पूल ओलांडून आपण किन्हवली-मुरबाडकडे जातो, तोही दोन तालुके जोडणारा रस्ता.

गच्चीवरून दिसतो तो माहुली, सुमारे २८०० फुटांचा. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन किल्ले एकाच डोंगरावर. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालराजाला घेऊन शेवटचा आसरा घेतला तो इथेच. वेढा पडला, तह झाला आणि निजामशाही संपली. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत माहुलीही होता. तो १६७० च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. आपल्या मुलांनी पावसाळ्यात धबधब्यावर जरूर जावं, पण एकदा दिवाळीनंतर वरपर्यंतही चढावं.

पण या भागाचा खरा इतिहास माझ्या मते पाण्याचा आहे. इथे पाऊस धो धो पडतो. मात्र जमीन उताराची, खाली काळा कातळ. पडलेलं पाणी थांबत नाही. ते अडवलं गेलं, पण मुंबईसाठी. तानसा १८९२ चं. भातसा धरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा. धरणातून सोडलेलं पाणी आपल्या सापगावच्या पुलाखालून वाहत भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्याला जातं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग मुंबईकरांच्या नळाला येतं. मे महिन्यातही पुलावरून खाली बघा, पाणी वाहताना दिसेल. त्याच दिवशी तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर चाललेला असतो, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया दरीत उतरत असतात. आता इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून इकडच्या गावांना पाणी आणायची योजना आहे. म्हणजे आपलं पाणी मुंबईला आणि आपल्याला घाटावरचं!

आपल्या सोसायटीनेही पहिल्या वर्षांत टँकरचे दिवस काढले. कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की आधी टँकरवाल्याला सांगायचं, मग आचाऱ्याला. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी खाली वाटलेले पेढे जुन्या सभासदांना आठवत असतील.

वस्तीचं म्हणाल तर हा मुळात कातकरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली, कुणबी, आगरी यांचा तालुका. क्षेत्रफळाने ठाणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र सव्वातीन लाखांच्या आतच. भातशेती आणि जंगल हीच ओळख होती. मग डोंबिवली-कल्याणला जागा परवडेनात, तसे आपल्यासारखे लोक लोकलच्या रुळांमागून इकडे आले: शिक्षक, पोलीस, कारखान्यातले कामगार, नगर-नाशिककडची मंडळी. शहापूरची ग्रामपंचायत जाऊन २०१५ मध्ये नगरपंचायत झाली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच तालुक्यातून जातो. जमिनीचे भाव तर त्याच्या आधीच पळाले होते.

नव्या इमारतींच्या जाहिरातीत "नदीकाठी, निसर्गाच्या कुशीत" असं छापतात. घर बघायला येणारा नातेवाईक मला विचारतो, तेव्हा मी त्याला नदी दाखवतोच. पण आधी बिल्डरला एवढंच विचारायला सांगतो, की मे महिन्यात पाणी कुठून येतं.