पिंपरी-चिंचवडमधलं घरगुती गॅरेज : जुन्या गाड्या आणि टूलरूमचा वारसा

आजचा विषय ऐकायला छंदाचा वाटेल. जुनी मोटार घरीच दुरुस्त करायची आणि त्यासाठी घराशेजारच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप उभं करायचं. पण पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात असं वर्कशॉप जितक्या सहज चालतं, तितकं फार थोड्या ठिकाणी चालतं. ते का, आणि ही सोय किती काळ टिकेल, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

थोडं मागे जाऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, बजाज टेम्पो आली. टेल्कोचा इथला प्रकल्प १९६६चा, पण इथून पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली. मग मधली ११ वर्षं काय चाललं होतं? सुमंत मुळगावकरांचा आग्रह असा, की आधी यंत्रं, साचे आणि हत्यारं बनवणारे विभाग उभे करायचे, मुलांना प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे बघा, गाडीच्या आधी गाडी बनवणारी माणसं तयार झाली. आयटीआय करून आलेली, गावाकडची मुलं सूत-इंचाची भाषा सोडून मायक्रॉनमध्ये बोलायला लागली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवायला भोसरीत छोट्या युनिट्सची रांग लागली. तिथे एक लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग मशीन, आणि मालक स्वतःच टर्नर, हे चित्र नेहमीचं होतं.

या माणसांना घरं हवी होती. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी-आकुर्डीकडे आखीव प्लॉट पडले, घराच्या बाजूला मोकळी जागा राहिली. घरगुती गॅरेजला लागणारी जागा आणि ती वापरू शकणारा माणूस, असे दोघं एकाच वस्तीत आले.

आता गाडीकडे वळू. प्रीमियर पद्मिनी घ्या. मूळची फिएट ११००, इंजिन १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, पॉइंटचं इग्निशन. लायसन्स-परमिटच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे आहे ती गाडी दुरुस्त करत राहणं भागच होतं. आणि गाडीची रचनाही तशीच होती, खोलता येईल, जोडता येईल अशी.

तिच्यासाठी गॅरेज केवढं लागतं? गाडी साधारण १३ फूट लांब आणि ५ फुटांच्या आत रुंद. दोन्हीकडे दार उघडून माणूस बसू शकला पाहिजे, पुढे बेंच मावला पाहिजे. म्हणजे १२ बाय २० फूट जागा बरी. खाली पक्की काँक्रीटची जमीन हवी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही शिरायचं नाही, घोड्या लावायच्याच. खड्डा करायचा मोह होतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एक ठिणगी पुरते. घरी सिंगल फेज वीज असते, तेव्हा मोठा लेथ आणायचा विचार सोडायचा. मजबूत व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल, छोटा कॉम्प्रेसर एवढ्यावर बरंच काम होतं. पाने घेतानाही गाडी बघायची. फिएटला मेट्रिक पाने लागतात. अॅम्बॅसॅडर मूळची इंग्लिश मॉरिस, तिला इंची. चुकीचा पाना लावला की नट गोल झालाच म्हणून समजा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पद्मिनीच्या पुढच्या चाकांच्या किंगपिनचं बुश झिजलं, समजा. भोसरीतला टर्नर गनमेटलचं नवं बुश करून देईल. ते दाबून बसवलं की त्याचं भोक किंचित आकसतं. म्हणून आधी थोडं मटेरियल राखायचं आणि बसवल्यावर रीमर मारायचा, वरचं आणि खालचं बुश एका रेषेत ठेवून. किती राखायचं, रीमर कुठे थांबवायचा, हे जुन्या टूलरूमवाल्याच्या हाताला कळतं. आपल्या गॅरेजचं हे सगळ्यात मौल्यवान हत्यार, आणि ते बाजारात मिळत नाही.

ही माणसं आता निवृत्त आहेत, अनेक जण गेली. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९च्या सुमारास, महिंद्रा २०१०च्या सुमारास आली. तिथल्या मुलांचं कौशल्य कमी नाही, पण ते रोबो, सेन्सर आणि सॉफ्टवेअरचं आहे. कार्ब्युरेटर त्यांच्या कामात येतच नाही.

दुसरीकडे, २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या, मोठे बदल न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. १९७४च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव लागलं, त्या पहिल्या गाड्या आता या वयाला पोचल्या. म्हणजे कायद्याने मान मिळाला तेव्हाच मूळ स्वरूप राखणारे हात कमी होत आहेत.

मग आपण काय करायचं? जो भाग करून घ्याल त्याचं माप घ्या. कोणतं मटेरियल, किती राखलं, किती काढलं, हे तारखेसकट वहीत लिहा. शेजारी कुणी निवृत्त फिटर किंवा टर्नर असतील, तर त्यांना काम सांगून मोकळं होऊ नका. त्यांच्या शेजारी उभं राहा, विचारा, आणि घरातल्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात रीमर द्या. या शहराचा औद्योगिक इतिहास आपण कंपन्यांच्या नावांनी लिहितो. त्याचा मोठा भाग अजून या माणसांच्या बोटांत आहे, आणि तो उतरवून घ्यायला आपल्याकडे थोडीच वर्षं आहेत.

आता प्रश्न घेऊ.