दहा नावांची यादी

कवींची गणना करू लागताच करंगळीवर कालिदास बसला, आणि त्याच्या तोडीचा दुसरा कोणी न आढळल्यामुळे शेजारचे बोट 'अनामिका' हे आपले नाव सार्थ करून मोकळे झाले, अशी एक कल्पना संस्कृत रसिकांत फार दिवसांपासून रूढ आहे. या गणनेत एक सोय होती. गणना करणारा एकटा होता, बोटे त्याची स्वतःची होती, आणि पहिल्याच बोटापाशी थांबावयाचे त्याला स्वातंत्र्य होते. चित्रपटकलेच्या क्षेत्रात मात्र गेली सत्तर वर्षे जी गणना चालू आहे तीत बोटे शेकडो जणांची आहेत, आणि प्रत्येकाने दहाच्या दहा बोटे मोजलीच पाहिजेत असा दंडक आहे. या गणनेचा इतिहास चित्रपटांच्या इतिहासाइतकाच टीकेचाही इतिहास आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

1952 साली ब्रुसेल्स येथील एका महोत्सवाच्या निमित्ताने निरनिराळ्या देशांतील दिग्दर्शकांकडून सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या मागविण्यात आल्या. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन' (1925) त्यांत अग्रस्थानी आला. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक त्या वेळी गॅव्हिन लँबर्ट यांच्या संपादकत्वाखाली निघत असे. दिग्दर्शकांना विचारले तसे टीकाकारांनाही विचारून पाहावे, असे या मंडळींना वाटले. 85 टीकाकारांना पत्रे गेली, 63 जणांची उत्तरे आली. त्या याद्यांत सर्वांत अधिक वेळा, म्हणजे 25 वेळा, ज्याचे नाव आले तो होता व्हित्तोरिओ द सिका यांचा 'बायसिकल थीव्हज'. हा चित्रपट 1948 चा, म्हणजे निवाड्याच्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. चार वर्षांच्या पोराला कुलपुरुष म्हणून पाटावर बसविण्यासारखाच हा प्रकार! परंतु त्या काळाची मनःस्थिती ध्यानात घेतली म्हणजे तो अस्वाभाविक वाटत नाही. महायुद्धाच्या राखेतून वर येणाऱ्या युरोपला सायकल हरवलेल्या मजुराच्या त्या एका दिवसात स्वतःचे मुख दिसले होते. आपल्याकडेही त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईस भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला, आणि बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'वर (1953) पडलेली त्याची छाया सर्वपरिचित आहे. सत्यजित राय यांनी तर तो 1950 मध्येच लंडनला पाहिला होता.

दर दहा वर्षांनी ही गणना करावयाची, अशी प्रथा यातून पडली. तिची रीत वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. प्रत्येकाने दहा नावे द्यावयाची. त्यांत वरखाली असा क्रम नाही. प्रत्येक नावाला एक मत. सर्व मतांची बेरीज. परंतु या साध्या रीतीतच सारी मेख आहे. अमुक चित्रपट 'सर्वश्रेष्ठ' आहे, असे या पद्धतीत कोणीच म्हणत नाही; आपल्या दहांत त्याला जागा आहे, एवढेच प्रत्येक जण म्हणतो. एखाद्या चित्रपटावर पन्नास जणांचे जिवापाड प्रेम असले आणि दुसरा शंभर जणांना केवळ वगळण्यास अवघड वाटला, तर दुसरा जिंकणार हे उघड आहे. शिवाय बहुमत म्हणावे तर तेही नाही. 1952 च्या विजेत्याचे नाव सुमारे चाळीस टक्के याद्यांत होते. 2012 मध्ये 846 जणांनी मते दिली, 2045 निरनिराळ्या चित्रपटांची नावे पुढे आली, आणि 191 मते मिळवून हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला ठरला. म्हणजे जवळजवळ चारांपैकी तिघा मतदारांनी आपल्या यादीत त्याला घेतलेच नव्हते.

1962 चा निवाडा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. 'बायसिकल थीव्हज' 16 मतांवर येऊन सहाव्या जागेच्या बरोबरीत गेला आणि 22 मते मिळवून ऑर्सन वेल्सचा 'सिटीझन केन' वर आला. त्याच्या पाठोपाठ 20 मते मिळाली ती आन्तोनिओनींच्या 'लाव्हेंतुरा'ला, आणि हा चित्रपट तर केवळ दोन वर्षांचा! त्या वर्षी सत्तर टीकाकारांपैकी दोघांतिघांचे मन जरा वेगळे वळले असते, तर पुढील पन्नास वर्षे ज्या सिंहासनावर 'केन' निर्वेध बसला ते दुसऱ्याच कोणाचे झाले असते. एकदा मुकुट चढल्यावर मात्र तो उतरविणे कठीण. 1972, 1982, 1992, 2002 या चारही गणनांत 'केन' पहिलाच राहिला. जो पहिला आहे तो पाठ्यक्रमात येतो, जो पाठ्यक्रमात येतो तो पाहिला जातो, आणि पुढील पिढीचा टीकाकार दहा नावे लिहावयास बसला म्हणजे तेच नाव त्याच्या लेखणीतून आपसूक उतरते. 'केन' थोर आहे याविषयी मला शंका नाही. परंतु त्याच्या थोरवीचा जो पुरावा म्हणून ही पन्नास वर्षे सांगितली जातात, त्यांतील निदान तीस वर्षे सवयीच्या खाती मांडावी लागतील.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे, आणि त्याची चर्चा फारशी झालेली दिसत नाही. मतदारांनी मत दिले ते नेमके कशाला? ग्रंथाच्या बाबतीत पाठाचा प्रश्न आपण जाणतो. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावयास नाथांसारखा अधिकारी पुरुष लागला. चित्रपटाची प्रत ही तर पोथीहून नाजूक वस्तू आहे. ती जळते, कुजते, आणि धनको तिला कात्री लावतो. स्ट्रोहाइमचा 'ग्रीड' (1924) मुळात कित्येक तासांचा होता. निर्मात्यांनी तो सव्वादोन-अडीच तासांवर आणला आणि कापलेला भाग कायमचा नाहीसा झाला. 1952 आणि 1962 या दोन्ही याद्यांत 'ग्रीड' आहे. तेव्हा टीकाकारांनी गौरविला तो पाहिलेला चित्रपट, की न पाहिलेल्या चित्रपटाची त्या तुकड्यांवरून मनाने उभारलेली मूर्ती? झाँ रन्वारचा 'रूल्स ऑफ द गेम' 1939 मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी झिडकारला, मग तो कापला गेला, मग त्यावर बंदी आली, आणि मूळ निगेटिव्ह बाँबहल्ल्यात नष्ट झाली. 1952 मध्ये त्याला जेमतेम 10 मते होती. 1959 मध्ये दोघा फ्रेंच चाहत्यांनी रन्वारच्या संमतीने जवळजवळ संपूर्ण पाठ जुळविला, आणि 1962 मध्ये तो 19 मतांसह तिसरा आला. टीकाकारांची अभिरुची दहा वर्षांत उंचावली असे म्हणावे, की त्यांच्या हाती अधिक चांगली पोथी आली असे म्हणावे? माझा कौल दुसऱ्या उत्तराला आहे. ड्रायरच्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची (1928) कथा तर एखाद्या कादंबरीसारखी आहे. मूळ निगेटिव्ह बर्लिनच्या आगीत गेली. दिग्दर्शकाने बाजूस टाकलेल्या चित्रणातून दुसरा पाठ सिद्ध केला. आणि मूळ पाठाची प्रत 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. 1952 आणि 1972 च्या याद्यांत हे नाव आहेच! 1992 च्या यादीतही आहे. नाव तेच, पाठ निराळा.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास आणखी एक गोष्ट या याद्यांत ठळकपणे दिसते. 1952 च्या बारा नावांत (बरोबरीमुळे दहांचे बारा झाले) 'सिटी लाइट्स' धरून निम्मे मूकपट आहेत. मूकपटाला परभाषेची अडचण नसते. मधल्या पाट्या बदलल्या की तो कोणत्याही देशाचा होतो. बोलपटाचे तसे नाही. त्याला पडद्याच्या तळाशी दोन ओळींत मावणाऱ्या अनुवादकाच्या दयेवर जगावे लागते. आशियातील पहिला चित्रपट पहिल्या दहांत आला तो 1962 मध्ये, मिझोगुचींचा 'उगेत्सू' (1953), आणि त्याला व्हेनिसच्या महोत्सवाने आधीच पश्चिमेच्या दारात नेऊन उभे केले होते. त्याच वर्षी तयार झालेली ओझूंची 'तोक्यो स्टोरी' अमेरिकेत प्रदर्शित झाली 1972 मध्ये, आणि टीकाकारांच्या दहांत आली 1992 मध्ये. मधली चाळीस वर्षे चित्रपट जसाच्या तसा होता. आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम' 1937 च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला, तरी पुढे इंग्रजी अनुवादासह चांगल्या प्रती जगभर फिरत राहिल्या नाहीत. आणि ज्याची प्रत फिरत नाही त्याला मत कोठून पडणार? ही तक्रार नव्हे. तुकोबाच्या अभंगांचा दोन ओळींत अनुवाद करावयास मला सांगितले, तर मीही हात जोडीन.

मतपद्धतीविरुद्धचा पहिला बोलका निषेध 1958 मध्ये ब्रुसेल्स येथेच झाला. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने 26 देशांतील 117 चित्रपट-इतिहासकारांनी बारा चित्रपट निवडले, 'पोटेम्किन' पुन्हा अग्रभागी आला, आणि त्या बारांतून एक निवडण्यासाठी तरुण दिग्दर्शकांचे एक मंडळ बसविण्यात आले. सत्यजित राय त्यांत होते. रॉबर्ट ऑल्ड्रिच, मायकेल काकोयानिस, अलेक्झांडर मॅकेंड्रिक हेही होते. या मंडळाने कोणा एकाला सर्वश्रेष्ठ ठरविण्यास नकार दिला आणि ज्यांचा जिवंतपणा आजही जाणवतो अशा काही चित्रपटांची नावे तेवढी सांगितली. कारागिराला अशा नकाराचा अधिकार अधिक शोभतो. 1992 पासून 'साइट अँड साउंड'ने दिग्दर्शकांची गणना वेगळी सुरू केली, तेव्हा दोन्ही वर्गांच्या नजरेतील फरक उघड झाला. त्या वर्षी दिग्दर्शकांनी 'केन'च्या खालोखाल फेलिनींच्या '8½'ला आणि स्कॉर्सेसींच्या 'रेजिंग बुल'ला बसविले. टीकाकारांच्या दहांत त्या साली या दोहोंपैकी एकही नाही. '8½'चा नायक स्वतःच अडलेला दिग्दर्शक आहे, हे विसरून चालणार नाही. धोब्याला धोब्याचे दुःख अधिक कळते. टीकाकार कलाकृतीचे इतिहासातील स्थान पाहतो, दिग्दर्शक तिच्यातून उद्या आपल्याला काय उचलता येईल ते पाहतो. 2012 मध्ये दिग्दर्शकांनी 'तोक्यो स्टोरी'ला आणि 2022 मध्ये कुब्रिकच्या '2001: अ स्पेस ओडिसी'ला अग्रस्थान दिले.

टीकाकारांच्या 2022 च्या निवाड्याने मात्र मोठेच वादळ उठविले. मतदार 1639 झाले, आणि दहा वर्षांपूर्वी पहिल्या पंचविसांतही नसलेला शांताल आकेरमान यांचा 'जान दिलमान' (1975) एकदम शिरोभागी गेला. त्यापूर्वीच्या सात गणनांत कोणाही स्त्रीचा चित्रपट पहिल्या दहांत आलेला नव्हता. तीन तास एकवीस मिनिटे एक विधवा बटाटे सोलते, बिछाना आवरते, मुलाला वाढते आणि दुपारी पैशासाठी परपुरुष घरात घेते. तिसऱ्या दिवशी या व्यवस्थेला तडा जातो. जिच्या घराचा पत्ता चित्रपटाच्या पूर्ण नावातच गोवलेला आहे ती ही स्त्री राहते ब्रुसेल्सला, म्हणजे जेथून या गणनेचा उगम झाला त्याच शहरात. आकेरमान तेव्हा पंचविशीच्या होत्या, आणि 'केन'चा वेल्सही तेवढाच होता.

पॉल श्रेडर यांच्यासारख्या जाणत्या चित्रपटकाराने या निकालावर जाहीर आक्षेप घेतला. चित्रपट त्यांना प्रिय आहे. पण इतकी मोठी उडी नैसर्गिक नव्हे, मतदारांची वाढ आणि काळाचा राजकीय कल यांनी ती घडविली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मतदार बदलला की निकाल बदलतो, हे गणितच आहे. परंतु मग तोच न्याय मागे नेऊन लावला पाहिजे. 1952 चे त्रेसष्ट टीकाकार हे काही आकाशातून अवतरलेले निःपक्षपाती पंच नव्हते. ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतील होते, आणि आपापल्या शहरात जे चित्रपट लागत त्यांतून त्यांनी निवड केली. त्या निवडीवरील काळाची छाप आज आपल्याला 'अभिजात' भासते ती ती जुनी झाली म्हणून. 'बायसिकल थीव्हज'ची चार वर्षांतली उडी ज्यांना खटकत नाही, त्यांना 'जान दिलमान'ची सत्तेचाळीस वर्षांची वाट घाईची वाटावी, हे नवलच म्हणावयाचे. मला स्वतःला तिसरा दिवस विलक्षण वाटतो आणि पहिला काहीसा लांबलेला. तरी बटाटे सोलण्याच्या कामाला पडद्यावर तेवढाच वेळ द्यावा जेवढा ते खरोखर घेते, या निर्णयामागील धैर्य मतांच्या बेरजेवर अवलंबून नाही.

या साऱ्या गणनांत भारताचे म्हणून जे नाव टिकले ते एकच, 'पथेर पांचाली'. 1962 मध्ये तो दहांच्या अगदी उंबरठ्यावर होता. 1992 मध्ये सहाव्या जागेच्या बरोबरीत आला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात राय निवर्तले होते. 2022 मध्ये पहिल्या शंभरांत पस्तिसाव्या जागी तो एकटाच भारतीय होता. मे 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो प्रथम दाखविला गेला तेव्हा त्याला इंग्रजी अनुवादाच्या ओळीही नव्हत्या. 1993 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेस आग लागून त्याची मूळ निगेटिव्ह होरपळली. करपलेल्या फितीतील वाचण्याजोगा भाग बोलोन्याच्या कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून सोडविला, उरलेली ठिगळे इतर प्रतींतून घेतली, आणि 2015 च्या मे महिन्यात हा नवा पाठ न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात दाखविण्यात आला. 2022 च्या मतदारांपैकी तरुण मंडळींनी पाहिला असेल तो बहुधा हाच.