माळाला रंग नसलेला नकाशा

१९७२ साल म्हटले की आपल्याला दुष्काळ आठवतो. त्याच साली सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आहेत, याकडे बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. तसे पाहिले तर माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा, असे सालिम अलींनी त्याआधीच सुचवले होते. १९६३मध्ये तो मान मोराला मिळाला. मोर देखणाच, त्याबद्दल तक्रार नाही!

पुढे १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, अशा दोन जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्खे गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे. म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरावी. आत गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आणि बागायतीही आल्या. मी कवी माणूस, मोजमापाशी माझा संबंध मात्रांपुरता. पण एवढे मलाही कळते, की या पक्ष्याला एवढे काही नको होते. त्याला हवा उघडा माळ, गुडघाभर गवत, टोळ-किडे आणि जवळपास ज्वारी-हरभऱ्याची जिराईत शेते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर.

नकाशा आखणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उपग्रहाची चित्रे तेव्हा कुणाच्या टेबलावर नव्हती. होते ते महसुली कागद, आणि त्यांत जंगलाला जागा आहे, पिकाला आहे; माळाच्या वाट्याला फक्त ‘पडीक’ हा शेरा. माझ्या मते सगळा घोळ या एका शब्दात आहे. पडीक म्हटल्यावर कुणी तिथे झाडे लावली, कुणी नांगर घातला. पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. धनगरांची मेंढरे चरत तो माळ तुकड्या-तुकड्यांनी आटला. इकडे अभयारण्याच्या रेषेत सापडलेल्या शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकतानाही अडचण. पोरीचे लग्न अडले की तो शिव्या कुणाला देणार? ज्याला त्याने कधी त्रास दिला नव्हता, त्या पाखराला!

समित्या बसल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२मध्ये अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. जवळजवळ सातवा हिस्सा. रेषा आखडली हे योग्यच झाले. फक्त तोवर तेहतीस वर्षे गेली होती. २०११मध्येच माळढोक जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त ठरला होता. आता उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरकडे आहेत; तिथे त्यांची पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली वाढवली जातात. आपल्याकडच्या अलीकडच्या गणनांत दिसलाच तर एखाद-दुसरा.

नान्नजच्या राखलेल्या गवतात काळवीट मात्र आजही चरतात, मागे लांडगेही असतात. त्यांच्यासाठी वेगळी रेषा कुणी आखली नव्हती. ते माळढोकाच्या नावावर जगले.