माळ्यावरच्या कॅसेटी

आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना माझा हा नाद ठाऊक नाही. फोंडाघाटच्या घरी पडवीलगतच्या खोलीत सध्या चौदा व्हीसीआर आहेत. चालतात पाच, बाकीचे सुट्या भागांसाठी. पहिला भंगारवाल्याकडून आणला तेव्हा आई म्हणाली होती, "ह्यां खयसून हाडलंस?"

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हापासून हेड झिजलं की दुसऱ्या मशीनचं काढून बसवायचं. त्यात आपला पाऊस. माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती तशीच चालवली तर टेप फाटते आणि हेडही भरतं. आधी कोरडी करून, हाताने हळूहळू फिरवत पुसावी लागते. एकेका कॅसेटीला दोन-दोन दिवस जातात.

एवढा खटाटोप कशाला? दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा टेप महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेत. सुरुवातीचे कितीतरी मराठी कार्यक्रम असे गेले. लंडनच्या बीबीसीनेही तेच केलं. उलट अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये वारल्या तोवर घरी बातम्या रेकॉर्ड केल्या, सुमारे ७० हजार कॅसेटी! लोकांनी वेडी म्हटलं असेल. पण केंद्राने पुसलेलं कुणाच्या तरी घरी सापडतं, ते अशा वेडामुळेच.

आपल्या गावात व्हीसीआर आला तो चाकरमान्यांबरोबर. गणपतीत भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे, आठवतं ना? आमच्याकडे काकांनी मुंबईहून आणला होता. त्यांनीच १९८८ च्या डिसेंबरातलं आपलं स्नेहसंमेलन कॅमेरा मागून आणून चित्रित केलं.

आता कबुली देतो. दूरदर्शनला मी नावं ठेवतो, पण तेच मीही केलं. जून १९९० मध्ये 'महाभारत'चा शेवटचा भाग लागणार होता आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला आली ती लावली. रेकॉर्डिंग करताना मशीन आधीचं सगळं पुसत पुढे जातं. संमेलन पुसलं गेल्याचं कळलं ते दोन वर्षांनी. कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ती कॅसेट साफ करून शेवटपर्यंत चालवली. 'महाभारत' मध्येच तुटलं. त्या दिवशी पावसात लाईट गेली होती! पडद्यावर रेघा आल्या आणि मग आपलं स्टेज. शेवटची अकरा मिनिटं शिल्लक आहेत. चित्रकलेचे सर पडदा ओढताहेत, तो मध्येच अडकलाय, आणि पुढे उभा राहून आपला तो मित्र गातोय, जो बारावीच्या वर्षी गेला.

लॅपटॉप घेऊन त्याच्या आईकडे गेलो. त्यांच्याकडे त्याचा फोटो होता, आवाज नव्हता. तीनदा बघितलं त्यांनी. तेव्हा आवाज अजून फुटलेला नव्हता, एवढंच म्हणाल्या.

ही अकरा मिनिटं मेळाव्यात दाखवणार आहे. उजव्या कोपऱ्यात पेटीवर कोण बसलंय ते मला ओळखता आलेलं नाही, तुम्ही सांगा. आणि घरी माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर चालवून बघू नका, तशीच पिशवीत घालून आणा.