मातीचा किल्ला

आश्विनाचा वद्य पक्ष लागला, पावसाने काढता पाय घेतला आणि सहामाही परीक्षेचे ओझे उतरले, की महाराष्ट्रातील गावोगावची मुले घमेली, बादल्या आणि विटांचे तुकडे घेऊन अंगणाच्या एका कोपऱ्यात जमू लागतात. कोणी दगड रचतो, कोणी माती चाळतो, कोणी आजीच्या मागे लागून मूठभर अळीव मिळवितो. दिवाळीचा किल्ला उभारण्याची ही सिद्धता होय. इतर विधींत वडिलांनी करावे आणि मुलांनी पाहावे असा क्रम असतो. या एका कामात तो उलटतो. येथे मुले कर्ती असतात आणि वडील मंडळी प्रेक्षक.

या उद्योगास द्रव्य असे फारसे लागतच नाही. दगडगोटे, विटांचे तुकडे, एखादे जुने गोणपाट, चाळलेली माती आणि पाणी एवढी सामग्री पुरे होते. प्रथम दगडविटांचा उंचसखल ढीग रचावयाचा. गोणपाट मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवून त्यावर पसरावयाचे, म्हणजे त्याच्या चुण्यांतून कडे, सोंडा आणि दऱ्या आपोआप उमटतात. त्यावर घट्ट मातीचा हात फिरवावयाचा. माथ्याभोवती तट, तटास ठिकठिकाणी बुरूज, पायथ्यापासून वर जाणारी वळणावळणाची वाट आणि वाटेच्या शेवटी दरवाजा. पाण्याचे टाके हवे असल्यास नारळाची करवंटी मातीत पुरली की झाले. काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची दाराची फळी होते, पतंगाच्या कागदाची पताका होते आणि केरसुणीची काडी तिची काठी होते. ओल्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडले, तर चारपाच दिवसांत डोंगर हिरवागार होतो. म्हणूनच जाणती मुले वसुबारसेच्या पुरेशी आधी कामास लागतात.

अगदी लहान मुलांस यात वाटा नसतो असे मात्र नाही. पाच वर्षांचे मूल माती चाळू शकते, बी पेरू शकते आणि वाटेच्या दोन्ही कडांना पांढरे खडे मांडू शकते. आठदहा वर्षांचा मुलगा वा मुलगी तट आणि बुरूज घडविते. जड दगड उचलणे आणि पणत्या कागदापासून व वाळल्या गवतापासून दूर ठेवणे, एवढे थोरांनी पाहिले म्हणजे पुरे.

मुलांच्या या खेळात जे जे घडते, त्यास इतिहासाचा पक्का आधार आहे. मुले किल्ल्यास पायऱ्यापायऱ्यांचे माथे ठेवितात. मधल्या उंच भागाला बालेकिल्ला आणि त्याखालच्या सपाटीला माची म्हणतात, हे त्यांस कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. राजगडावर हीच रचना प्रत्यक्ष पाहावयास मिळते. मध्ये उत्तुंग बालेकिल्ला आणि तीन बाजूंस पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. संजीवनी माचीला तर एकात एक अशी दुहेरी तटबंदी आहे. बाहेरचा तट पडला तरी शत्रूस आतल्या तटाशी पुन्हा झुंजावे लागे.

दरवाजाचीही गोष्ट तशीच. नवशिका मुलगा दरवाजा अगदी समोर, सर्वांस दिसेल असा बसवितो. मोठा भाऊ त्यास सांगतो, 'अरे, असा दरवाजा शत्रूला लांबूनच दिसेल. दोन बुरुजांच्या आड घे.' या एका वाक्यात शिवकालीन दुर्गरचनेचे मर्म आले. रायगडाचा महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या कुशीत लपलेला आहे. वाट वळून अगदी जवळ येईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही, आणि तेथे पोहोचलेला शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. हत्तीला धाव घेऊन दारास धडक देण्याइतकी मोकळी जागाही समोर राहत नाही.

पाण्याच्या टाक्याविषयी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र साक्ष देते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात दुर्गांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी पाण्याचा शोध घ्यावा, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. करवंटी पुरणारे पोर नकळत अमात्यांचीच आज्ञा पाळीत असते.

किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासन मांडून त्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसविली जाते आणि उतारांवर कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे उभे राहतात. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला, तो प्रसंग दर दिवाळीस घरोघरच्या अंगणात असा पुन्हा उभा राहतो. त्या रायगडाच्या बांधकामाशी हिरोजी यांचे नाव निगडित आहे, आणि ते जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर कोरलेले आढळते. ज्याने डोंगरावर राजधानी उभी केली, त्याने आपले नाव येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली ठेविले. मुलांसही आपल्या किल्ल्यावर नावाची पाटी लावण्याची हौस असते. त्यांस ही हकीकत अवश्य सांगावी.

या खऱ्या किल्ल्यांच्या नशिबी पुढे फार वाईट दिवस आले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग ओतली आणि गड त्यांच्या हाती गेला. पेशवाई बुडाल्यावर, पुन्हा कोणी बंड करून गडांचा आश्रय घेऊ नये, म्हणून अनेक किल्ल्यांचे तट आणि चढाच्या वाटा इंग्रजांनी फोडून टाकल्या. जे उरले त्यावर रान माजले. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवरायांवरील पवाडा प्रसिद्ध केला आणि १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव झाला. तेव्हा लोकांची पावले पुन्हा त्या वाटेकडे वळू लागली. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात असून बारावा तमिळनाडूतील जिंजी होय. दगडी तट पडत होते, त्या काळाची आठवण विद्वानांच्या ग्रंथांनी आणि शाहिरांच्या डफांनी राखली, तशीच ती मुलांच्या चिखलाने भरलेल्या हातांनीही राखली आहे.

शिक्षणशास्त्राने हे तत्त्व पुष्कळ उशिरा ओळखले. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. मातीकाम, कागदाच्या घड्या, विणकाम यांस त्याच्या पद्धतीत मानाचे स्थान मिळाले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तला. ती बंदी १८६० मध्ये उठली. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. परदेशी धर्तीची महागडी साधने गरिबांच्या पोरांस कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी माती, पाने, बिया, शंख, शिंपले, म्हणजे गावात फुकट मिळणारी वस्तू, हेच शिक्षणाचे साधन केले. मुलाच्या हातास काम हवे असते, किंमत नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आज या खेळापुढे निराळेच संकट आहे. शहरांत अंगण उरले नाही आणि माती विकत आणावी लागते. बाजारात रंगविलेला तयार किल्ला मिळतो. तो आणला, मांडला आणि काम संपले. दुसरीकडे स्पर्धेच्या बक्षिसासाठी मोठी माणसेच नकाशे घेऊन किल्ले बांधतात, आणि मुले 'हात लावू नकोस' हे शब्द ऐकत कडेला उभी राहतात. किल्ला देखणा होतो, यात संशय नाही. परंतु दरवाजा बुरुजाआड का घ्यावा, हा प्रश्न ज्या हातांस पडावयास हवा, ते हात कोरडेच राहतात.

सज्जाच्या एका कोपऱ्यात, जुन्या परातीत किंवा फळीवर, दोन घमेली मातीतही किल्ला होतो. त्याचा बुरूज थोडा कलला तरी चालेल आणि माची एका बाजूस खचली तरी बिघडत नाही. पोराने ती पुन्हा लिंपावी, म्हणजे पहिल्या वेळी माती पातळ का झाली हे त्यास उमजते. दिवाळी सरली, अळीव पिवळे पडले, की मावळे कागदात गुंडाळून फळीवर ठेवावेत आणि माती तुळशीच्या वृंदावनात परत घालावी. पुढील आश्विनात तीच माती पुन्हा चाळता येते.