सुवाह्य ध्वनिमापन : उघड्यावरील मांडणी व मुद्रण

रस्ता, चौक, घराची गच्ची, कारखान्याची हद्द, विमानतळालगतची वस्ती अशा उघड्या जागी काही तासांपुरती वा काही दिवसांपुरती उपकरणे उभी करून तेथील आवाजाची पातळी मोजणे आणि त्या आवाजाचे मुद्रण करून ठेवणे, या क्रियेस सुवाह्य ध्वनिमापन म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात महानगरांत उभारलेल्या जाळ्यातील केंद्रे एका जागी स्थिर असतात, आणि गोंगाट मात्र आज या गल्लीत तर उद्या त्या मैदानात असतो; म्हणून उपकरण उचलून गोंगाटाच्या दारी नेण्याची रीत अपरिहार्य ठरते. ती नवीही नाही. न्यूयॉर्क शहरात १९२९ साली नेमलेल्या ध्वनिनिवारण आयोगाने मोजमापाची साधने मोटारगाडीवर चढवून रस्तोरस्ती फिरविली होती, आणि त्या फेऱ्यांतून मिळालेले आकडे आयोगाच्या १९३०च्या अहवालाचा आधार झाले.

भारतात या मापनाला महत्त्व आले ते ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांमुळे. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस व उरलेली रात्र अशी विभागणी करून त्या नियमांनी औद्योगिक क्षेत्रास ७५ व ७०, व्यापारी क्षेत्रास ६५ व ५५, निवासी क्षेत्रास ५५ व ४५ आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालच्या किमान १०० मीटरांच्या शांतता क्षेत्रास ५० व ४० डेसिबेल अशा अनुक्रमे दिवसाच्या व रात्रीच्या मर्यादा घालून दिल्या. या मर्यादेहून आवाज १० डेसिबेल वा अधिक असेल, तर नागरिकास तक्रार करता येते, असेही त्यांत म्हटले आहे. डेसिबेल ही गुणोत्तरमापी श्रेणी असल्यामुळे ३ डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, आणि १० ची वाढ म्हणजे दसपट. मांडणीतील एखाद्या लहानशा निष्काळजीपणाने २-३ डेसिबेलची चूक सहज होते आणि तेवढ्यावर खरी तक्रार फेटाळली जाते. मापकाच्या किमतीपेक्षा तो कोठे व कसा उभा केला याला अधिक मोल आहे, ते यासाठीच.

मुख्य उपकरण म्हणजे ध्वनिपातळीमापक. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६१६७२ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे त्याचे पहिला व दुसरा असे दोन वर्ग पडतात, आणि वादाचा विषय होऊ शकणाऱ्या मोजणीला पहिल्या वर्गाचा मापक वापरणे श्रेयस्कर. त्याचा प्राण म्हणजे बहुधा अर्धा इंच व्यासाचा ध्वनिग्राहक. तो लांब तारेने तिपाईवर चढवून मापक, मुद्रक व विद्युत्घट कुलूपबंद पेटीत खाली ठेवतात. तार पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि पेटीत जात नाही. मोबाइलमधील ध्वनिमापनाचे ॲप चाहूल घेण्यापुरते उपयोगी आहे. परंतु त्या ध्वनिग्राहकाची रुजवात झालेली नसल्यामुळे त्याचा आकडा दप्तरी दाखल करण्याजोगा नसतो.

जागेची निवड हा या शास्त्रातील सर्वांत कठीण भाग. ध्वनिग्राहक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच असावा आणि भिंतीसारख्या परावर्तक पृष्ठभागापासून किमान ३.५ मीटर दूर असावा, हा सामान्य दंडक. भिंतीवर आदळून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. इमारतीच्या दर्शनी भिंतीपासून अर्धा ते दोन मीटरांवर ध्वनिग्राहक ठेवल्यास साधारण ३ डेसिबेल आणि भिंतीच्या पृष्ठभागालाच लावल्यास ६ डेसिबेल वाढ होते, व तेवढी वजावट हिशेबात दाखवावी लागते. खिडकीतून हात बाहेर काढून घेतलेली मोजणी प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच प्रश्नात खोडून काढतो ती याच कारणाने. उलट, गच्चीच्या कठड्याआड बुटक्या तिपाईवर ठेवलेला ध्वनिग्राहक रस्त्याच्या आवाजाला मुकतो आणि तक्रारदाराचे नुकसान करतो. पुण्याच्या पेठांतील अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी साडेतीन मीटर सोडणे शक्यच नसते. तेथे नियम पाळल्याचा आव न आणता भिंतींची अंतरे टेपने मोजून नोंदवहीत लिहावी, नकाशा काढावा, चारी दिशांनी छायाचित्रे घ्यावी. प्रामाणिकपणे नोंदलेली गैरसोय मोजणीचे मोल घटवीत नाही.

वारा हा मापकाचा नित्याचा वैरी. ध्वनिग्राहकाच्या पडद्यावरून वाहणारी हवा स्वतःच खळबळ निर्माण करते व मापक तिलाही आवाज समजतो. म्हणून सुमारे ९० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र फोमचा गोळा त्यावर चढवितात. तरीही वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरांहून, म्हणजे ताशी १८ किलोमीटरांहून, अधिक झाला की त्या अवधीतील आकडे वगळावेत. पावसाळ्यात फोम भिजतो, पडद्यावर दमटपणा साचतो, आणि पत्र्यावर व पानांवर पडणाऱ्या सरींचा आवाज वाहतुकीच्या आवाजालाही झाकून टाकतो. कोकणात तर पाऊस थांबल्यावर रातकिडे व बेडूक रात्रभर असा सूर धरतात की निवासी क्षेत्राची ४५ ची मर्यादा त्यांच्यामुळेच ओलांडली जावी. कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा आहे, हे दाखविणारे पृथक्करण हाताशी नसेल, तर त्याचा ठपका भलत्यावरच बसतो.

मोजणीच्या आधी व नंतर होणारी पडताळणी जवळून पाहण्यासारखी आहे. मुठीत मावेल एवढा पडताळक ध्वनिग्राहकाच्या टोकावर हलकेच सरकवून पक्का बसवितात. कळ दाबताच तो १००० हर्ट्‌झचा, ९४ डेसिबेलचा एकच अखंड सूर काढतो. काटेकोर मोजणीदार हात लगेच काढून घेतो आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो. काही ध्वनिग्राहकांना मुक्त क्षेत्राची दुरुस्ती लागत असल्याने मापकाने ९४ नव्हे तर ९३.८ किंवा ९३.९ दाखविणे हेच बरोबर असते. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला आकडा तोच खरा.

मापकाचे घटक ठरविताना ए भारांकन, ‘फास्ट’ अथवा ‘स्लो’ प्रतिसाद आणि समतुल्य पातळी यांची निवड करावी लागते. समतुल्य पातळी ही डेसिबेलच्या आकड्यांची साधी सरासरी नव्हे, तर ऊर्जेची सरासरी होय : एका तासापैकी ५९ मिनिटे ६० डेसिबेल व एकच मिनिट ९० डेसिबेल असेल, तर समतुल्य पातळी सुमारे ७२.५ भरते. ए भारांकन मानवी कानाच्या संवेदनशीलतेला अनुसरते. ६३ हर्ट्‌झच्या ध्वनीतून ते तब्बल २६ डेसिबेल वजा करते. ढोलाचा व ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचा छातीत घुमणारा, तावदाने हलविणारा आवाज याच पट्ट्यातला. तेव्हा विसर्जन मिरवणुकीच्या मोजणीत ए बरोबर सी भारांकनाचाही आकडा नोंदवावा, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. वरच्या मजल्यावरील आजारी माणसाला जे सोसावे लागते त्याची निम्मीच हकिगत ए च्या आकड्यात उतरते.

आकडा आवाज किती हे सांगतो, कशाचा हे सांगत नाही, त्यासाठी मुद्रण. मुद्रकावरील आवाज आपोआप सम करण्याची सोय प्रथम बंद करावी, ग्रहणपातळी एकदा ठरवून मग हलवू नये, आणि आरंभी पडताळकाचा सूर अर्धा मिनिट मुद्रित करावा, म्हणजे पुढे त्या ध्वनिफितीवरूनही पातळी काढता येते. मुद्रण संकोचरहित ‘वेव्ह’ स्वरूपात असावे. २४ बिट व ४८ किलोहर्ट्‌झ या प्रमाणाने एका वाहिनीच्या तासाभराच्या मुद्रणास सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते, दिवसाला साडेबारा गिगाबाइटच्या आसपास. म्हणून पुष्कळ उपकरणे ठरविलेली पातळी ओलांडली गेल्यावरच, अगोदरच्या काही सेकंदांसह, मुद्रण करतात. यात दुसराही लाभ आहे : येणाऱ्याजाणाऱ्यांचे खाजगी बोलणे नकळत साठविले जात नाही. मापक व मुद्रक यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळविलेली असावीत.

पार्श्वभूमीचा आवाज स्वतंत्र मोजल्याखेरीज काम पुरे होत नाही. ध्वनिक्षेपक चालू असतानाची पातळी तो बंद असतानाच्या पातळीहून १० डेसिबेलने अधिक असेल, तर दुरुस्तीची गरज नाही; अंतर ३ हून कमी असेल, तर तो आवाज अमुक एका स्रोताचा असे म्हणण्याचा अधिकार मोजणीदाराला उरत नाही. नोंदवहीत तारीख, वेळ, वाऱ्याचा वेग, उपकरणांचे क्रमांक व प्रयोगशाळेच्या दाखल्याची तारीख लिहून पंचनाम्याप्रमाणे सह्या घ्याव्या. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विद्युतीय नोंदीसोबत तिच्या हॅश मूल्यासह प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे मूळ फाइल कार्डावर जशीच्या तशी ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे.

सामान आवरण्यापूर्वी पडताळक पुन्हा बसवितात. आरंभीच्या व शेवटच्या आकड्यांत ०.५ डेसिबेलहून अधिक फरक पडला, तर मधली सर्व मोजणी बाद समजून ती पुन्हा करावी लागते.